चुलीपासून सहा फुटांवर पुस्तक: सयपाकघराची मांडणी आणि वर्षभराचं वाचन

विदर्भातल्या खेड्यातल्या घरात वाचायची जागा म्हणजे समोरची खोली असं धरलं जातं, आणि तिथंच वाचन बंद पडतं. समोर टीव्ही असतो, येणारे-जाणारे असतात, रात्री तिथंच अंथरुणं पडतात. घरात जे माणूस सयपाक करतं ते रोजचे चार-पाच तास सयपाकघरात असतं आणि त्यातला बराच वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. वरण शिजायचं असतं, भात मुरायचा असतो, दूध निवायचं असतं. वाचन टिकवायचं तर पुस्तक या रिकाम्या वेळाजवळ न्यावं लागतं, आणि काम संपल्यावरही अर्धा तास बसावंसं वाटेल असं सयपाकघर करावं लागतं. म्हणून आधी सयपाकघर, मग पुस्तकं, मग वर्षाचा हिशोब.

आधी धूर आणि अंधार काढा

होळी आणि पाडवा यांमधले पंधरा दिवस या कामाला सगळ्यांत चांगले. हरभरा घरात आलेला असतो, हवा कोरडी असते, ओल्या भिंती लवकर वाळतात. एक दिवस ठरवून सगळं सामान आंगणात काढा. अर्धं आत ठेवून अर्धं आवरायला गेलं की कामाचा पसारा होतो आणि जुन्या जागा तशाच राहतात. बाहेर काढलेल्या सामानाचे तीन वाटे करा: रोज लागणारं, सणावाराला किंवा पाहुण्यांना लागणारं, आणि वर्षभर हात न लागलेलं. दुसरा वाटा माळ्यावर किंवा आतल्या खोलीत जाईल. तिसरा सयपाकघरात परत येऊ देऊ नका. दारामागची प्लास्टिकच्या पिशव्यांची पिशवी याच वाट्यातली.

मग धूस, म्हणजे छपराला-भिंतींना धरलेली काजळी. डोक्याला फडकं आणि तोंडाला रुमाल बांधून, बांबूला फडा बांधून वरून खाली कोरडं झाडा. कोरडं झाडायच्या आधी पाणी लावलं तर काजळी भिंतीत मुरते आणि चुन्यातूनही काळी उमटते. शेगडीमागची भिंत तेलकट असते. तिला बादलीभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून घासा आणि साध्या पाण्यानं धुवा. तेलकट भिंतीवर चुना धरत नाही, महिन्याभरात पोपडे येतात.

चुना घरीच करायचा तर १ किलो कळीच्या चुन्याला ५ लिटर पाणी असं प्रमाण. लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं. प्लास्टिकच्या बादलीत हे करू नका, चुना विरताना फार तापतो. लेकरं लांब ठेवा. डोळ्यांत थेंब गेला तर लगेच भरपूर पाण्यानं डोळे धुवत राहा आणि दवाखाना गाठा. एक दिवस-रात्र मुरू द्या, फडक्यातून गाळा आणि गरम पाण्यात विरघळवलेला २० ग्रॅम डिंक घाला. भिंतीवर पाणी शिंपडून पातळ हात मारा, वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. एकच जाड हात दिला तर तो गळतो. भिंती मातीच्या असतील आणि पांढऱ्या मातीनं पोतारायची रीत असेल तर तीच ठेवा. मातीच्या भिंतीला ती चुन्याइतकाच उजेड देते आणि दरवर्षी हात फिरवायला सोपी जाते.

उजेडासाठी पैसे मोजायचे तर ते छपरावर मोजा. कवेलू (कौलं) असतील तर दोन-तीन काचेचे कवेलू बसवा, टिन असेल तर एक पट्टी पारदर्शक फायबरच्या पत्र्याची घाला. ही जागा उत्तरेच्या उतारावर निवडा. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या उतारावर उजेड भरपूर येतो, पण वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा त्याच जागेतून उन्हाची पट्टी थेट डोक्यावर पडते आणि दुपारी सयपाकघरात बसवत नाही. टिनाच्या घरात पत्र्याखाली बांबूचे तट्टे बांधले तर दुपारची झळ बरीच अडते, फक्त शेगडी-चुलीच्या वरचा भाग मोकळा सोडा, तट्टा पेट घेतो.

चूल असेल तर तिच्यावर ४ इंच व्यासाचं धुराडं काढा, छपराच्या वर दोन-तीन फूट आणि तोंडावर टोपी. महिन्यातून एकदा आतली काजळी पाडा. धुराडं असूनही धूर घरात येतो, त्याची दोन कारणं नेहमीची: नळी काजळीनं निम्मी भरलेली असते, किंवा सरपण ओलं असतं. पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं) आणि तुराट्या पावसाआधीच छपराखाली रचा. मृगाच्या पहिल्या सरीत भिजलेली पऱ्हाटी पुढं आठ दिवस धूर देते.

गॅसची शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली, उभाच. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि नळीवर छापलेली मुदत संपली की बदला, चांगली दिसत असली तरी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून वरच्या खिडकीइतकंच दाराखाली किंवा भिंतीत जमिनीलगत जाळीचं भोक हवं. पेटती चूल आणि सिलिंडर एका खोलीत ठेवू नका. जागाच नसेल तर चूल सपरीत (पडवीत) न्या.

बसायची जागा

सयपाकघर बोलावतं की नाही हे डब्यांच्या रंगावर ठरत नाही, बसायला काय आहे यावर ठरतं. तासभर उभं राहिलेलं माणूस पाठ टेकायला जागा नसेल तर बाहेर निघून जातं. आतल्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथं, विटांचे ४ थर रचून वर शहाबादी फरशी घाला. साधारण १५ इंच उंची होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना यावरून उठता येतं आणि तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊनही बसता येतं. रुंदी २० इंच, लांबी ४ फूट ठेवा म्हणजे दोघं बसतील. वर जुन्या लुगड्याची गोधडी चौघडी करून टाका. बांधकाम करायचं नसेल तर बाज नको, ती सयपाकघराची वाट अडवते. एक पाट, चटई आणि भिंतीला टेकायला कापूस भरलेला लोड पुरेसा.

ही जागा शेगडीपासून निदान सहा फुटांवर हवी. फोडणीतल्या तेलाचा अंश वाफेबरोबर उडतो आणि चार-पाच फुटांच्या आत जे असेल त्यावर चिकट थर बसवतो. डबे पुसता येतात, पुस्तकाची पानं पुसता येत नाहीत.

दिवा कुठं लावता याला दिव्याइतकंच महत्त्व आहे. बहुतेक सयपाकघरांत एकच बल्ब मधोमध असतो, त्यामुळं ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली चिरायच्या भाजीवर पडते आणि कोपऱ्यात बसलं की पानावर. दोन दिवे करा. एक ओट्याच्या वर, उभ्या माणसाच्या समोरच्या बाजूला. दुसरा बसायच्या जागेवर, डाव्या खांद्याच्या थोडा मागं, जमिनीपासून ५ फुटांवर, ९ वॅटचा एलईडी. डावखुऱ्या माणसानं लिहायचं असेल तर उजव्या खांद्याकडून. पिवळसर उजेडाचा बल्ब घ्या, रात्री डोळ्यांना निवांत वाटतो. ओट्यावर मात्र पांढरा, म्हणजे डाळीतला खडा दिसतो. लाइनचा भरवसा नसेल तर बसायच्या जागेचा बल्ब बॅटरीवर चालणारा घ्या. असा बल्ब लाइन गेल्यावर तीन-चार तास जळतो, आणि अंधारात घरातले सगळे आपसूक त्याच उजेडाभोवती जमतात.

बाकी थोडक्यात. माठ दाराजवळ, म्हणजे पाणी प्यायला आलेल्याला ओट्यापर्यंत यावं लागत नाही. ओट्यावर सलग तीन फूट जागा रिकामी. तिखट-हळदीचे डबे शेगडीच्या वरच्या फळीवर नकोत, उष्णतेनं रंग आणि वास दोन्ही जातात. भिवापुरी मिरचीचं वर्षाचं तिखट करून ठेवता तर मोठी बरणी अंधारात आणि आठ दिवसांपुरतं हाताशी. खिडकीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक कुंडी.

पुस्तकांची फळी

सयपाकघरात पाच-सहा पुस्तकांहून जास्त ठेवू नका. बाकीची आतल्या खोलीत, लोखंडी पेटीत किंवा आलमारीत. इथं फक्त चालू महिन्याची.

फळी बसल्या जागी हात पोचेल अशी, जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर. वाफ आणि तेल वर चढतात, म्हणून उंच फळीवरची पुस्तकं आधी खराब होतात. पावसाचा मारा ज्या भिंतीवर येतो ती भिंत, बहुतेक घरांत पश्चिमेची, टाळा. मातीच्या भिंतीला फळी चिकटवू नका, तीन बोटं अंतर सोडा. उधई (वाळवी) भिंतीतून येते आणि तिची मातीची नळी त्या अंतरात दिसते. चिकटलेल्या फळीत ती दिसतच नाही, पुस्तक उचललं की मागची निम्मी पानं माती झालेली असतात. दर शनिवारी झाडताना फळीच्या मागं एकदा पाहायचं. नळी दिसली तर मोडून टाका, आत रॉकेल किंवा कडुलिंबाचं तेल सोडा, पुस्तकं दोन दिवस दुसरीकडं हलवा आणि नळी पुन्हा बांधली जाते का ते पाहा.

डांबरगोळ्या सयपाकघरात अजिबात नकोत. त्या विषारी असतात आणि त्यांचा वास पिठाला लागतो. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर सावलीत कडकडीत वाळवून, कापडात बांधून. ओलसर पाला ठेवला तर पुस्तकालाच बुरशी येते.

कव्हर खाकी कागदाचं घाला आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक. वर्तमानपत्राची शाई हाताला लागते आणि हातावरून कणकेत जाते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडून पान तोडते. मैद्याची खळ चांगली चिकटते पण तिच्यावर कसर आणि उंदीर येतात, म्हणून लावायचीच तर अगदी पातळ, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुस्तक मिटू नका. पानावर तेल सांडलं तर घासू नका. खाली-वर टिपकागद ठेवा, डागावर टाल्कम पावडर टाका, रात्रभर वजन ठेवा आणि सकाळी झटका. डाग पूर्ण जात नाही पण पुढच्या पानावर उतरत नाही. हळदीचा डाग निघत नाही, त्याच्यामागं लागू नका.

फळीलगत एक खिळा आणि त्यावर एक फडकं, फक्त पुस्तकाआधी हात पुसायचं. हे फडकं भांडी पुसायला गेलं की आठवडाभरात पुस्तकांच्या कडा तिखटानं लाल होतात.

डोळे तपासा

वाचनाची सवय मोडली असं चाळिशीनंतर बऱ्याच बाया आणि माणसं म्हणतात. पुष्कळदा सवय मोडलेली नसते, जवळचं दिसेनासं झालेलं असतं. ओळखायला सोपं आहे: सुईत दोरा ओवताना सुई लांब धरावी लागते, तांदळातला खडा हाताला लागतो पण दिसत नाही, पुस्तक हातभर दूर नेलं की अक्षर स्पष्ट होतं, दहा मिनिटांत कपाळ ठणकतं. चाळिशीत हे जवळजवळ सगळ्यांना होतं. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून नंबर काढून मिळतो, कोणत्या वारी तपासणी असते ते आधी विचारून जा. बाजारात पाटीवर मांडलेला चष्मा अंदाजानं घेऊ नका, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेलच असं नाही. चष्मा आल्यावर तो पुस्तकाच्या फळीवरच ठेवा. आतल्या खोलीतला चष्मा आणायला उठलेलं माणूस वाटेत दुसऱ्या कामाला लागतं.

पुस्तक निवडतानाही अक्षर पाहा. पुस्तक दीड फुटावर धरून, डोळे बारीक न करता एक पूर्ण पान वाचून होत असेल तरच घ्या. स्वस्त आवृत्त्यांत ओळी दाटीनं बसवलेल्या असतात आणि चांगलं पुस्तकही तिसऱ्या दिवशी बाजूला पडतं.

वर्षाचा हिशोब पाडव्यापासून

सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल पाडव्याला ठरतं, वाचनाचंही तेव्हाच ठरवा. १ जानेवारीला सुरुवात केली तर कापसाची वेचणी आणि तुरीची काढणी मधेच येते आणि महिन्याभरात गाडी थांबते.

रोज ८ पानं आणि वर्षातले २५० दिवस असा हिशोब धरा. २,००० पानं होतात, म्हणजे २०० पानांची १० पुस्तकं. उरलेले ११५ दिवस पेरणीचे, लग्नाचे, दुखण्या-भाण्याचे. ते आधीच सोडून दिले की चार दिवस खंड पडला म्हणून हात खाली पडत नाहीत. ५० पुस्तकांची यादी करणाऱ्याचं वाचन बहुधा आषाढाच्या आत थांबतं.

दहाची वाटणी ऋतूप्रमाणं करा. चैत्र-वैशाखात तीन. दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, तेव्हा जाड कादंबरी याच दिवसांत उघडा. कुरड्या, पापड, सरगुंड्यांचं वाळवण सकाळी आटोपतं, दुपारचे दोन तास मिळतात. ज्येष्ठ-आषाढात एकच, तेही कवितांचं किंवा दोन-चार पानांच्या लेखांचं. पेरणी आणि निंदणाच्या दिवसांत माणूस रात्री आठला पेंगतं आणि जाड पुस्तकात काल काय झालं तेच आठवत नाही. श्रावण-भाद्रपदात दोन. पोळा आणि महालक्ष्म्या सोडल्या तर पावसाच्या झडीत घरात बसणं होतंच. आश्विन-कार्तिकात एक, मोठ्यानं वाचायचं, त्याचं पुढं सांगतो. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत तीन: आत्मचरित्र, इतिहास, जे सावकाश वाचायचं ते.

हे वेळापत्रक कापूस-सोयाबीनच्या भागाचं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं धानाची रोवणी आषाढ-श्रावणात असते, मोहफुलं आणि तेंदूपत्ता ऐन उन्हाळ्यात. तिकडं उन्हाळ्याची तीन पुस्तकं मळणीनंतरच्या थंडीत न्या.

एकच मोठा ग्रंथ वर्षभर पुरवायचा असेल तर तुकडोजी महाराजांची ग्रामगीता या हिशोबात नेमकी बसते. तिचे अध्याय ४१ आहेत. आठवड्याला एक धरला तर ५२ पैकी ११ आठवडे गर्दीच्या दिवसांसाठी मोकळे राहतात. रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं, तिथं रचलेलं लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, तोही तुकड्यातुकड्यानं वाचता येतो, कारण लीळा (प्रसंग) छोट्या आहेत. पण तो पेरणीच्या दिवसांत धरू नका. भाषा तेराव्या शतकातली आहे, अर्थ-टीपा असलेली प्रत आणि थंडीतली ताजी सकाळ लागते.

पुस्तकं विकतच घ्यावी लागतात असं नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक ग्रंथालयं तालुक्याला आणि मोठ्या गावांत आहेत. बाजाराच्या दिवशी पिशवीत परत करायचं पुस्तक आधी टाका, मग भाजीची यादी. ग्रंथालयाचं पुस्तक सयपाकघरात आणताना दुहेरी कव्हर घाला. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो. मोबाइलवर रोज एक नोंद वाचायला तो चांगला, पण मोबाइल हातात असला की वाचन दुसरीकडं सरकतं, म्हणून रात्रीच्या वाचनाला कागदाचंच पुस्तक घ्या.

कोणत्या कामासोबत वाचता येतं

गंजात (पातेल्यात), चुलीवर, तुरीची डाळ शिजायला पाऊण तास लागतो. हा वाचनाचा सगळ्यांत चांगला वेळ, दहा-बारा मिनिटांनी एकदा ढवळलं की झालं. कुकरच्या शिट्यांत चार-पाच पानं होतात. दूध तापत असताना पुस्तक उघडू नका, नजर खाली गेली की ते उतू जातं. भाकर, पुरी, वडे करताना तर नाहीच.

निवडणं-सोलणं मात्र हातांचं काम आहे, कान मोकळे असतात. आश्विन-कार्तिकात वेचणीहून आलेल्या माणसाला स्वतः वाचायचं त्राण नसतं, पण लसूण सोलता सोलता ऐकायला होतं. शाळेत जाणाऱ्या पोरीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. मोठ्यानं वाचताना एका पानाला तीन मिनिटं धरा. २० मिनिटांत सहा-सात पानं होतात आणि १६० पानांचं पुस्तक २५ दिवसांत संपतं. वाचणारी अडखळली तर लगेच दुरुस्त करू नका, वाक्य पुरं होऊ द्या. लेकराला मधे चारदा टोकलं की ते दुसऱ्या दिवशी अभ्यासाचं निमित्त सांगून उठतं. जिथं गोष्ट रंगली तिथंच थांबा. आजीनं “मंग पुढं काय झालं ओ?” विचारलं की उद्याची बैठक पक्की.

भुलाबाईच्या, म्हणजे पोरींच्या गाण्यांच्या सणाच्या, दिवसांत, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, हेच उलट करा. आजीनं गाणं म्हणायचं आणि पोरीनं २०० पानी वहीत उतरवायचं. एका ओळीआड ओळ सोडून लिहा, कारण शेजारची काकू तेच गाणं वेगळ्या शब्दांत म्हणते आणि ते शब्द मधल्या ओळीत लिहिता येतात. गाव, म्हणणाऱ्या बाईचं माहेर आणि तारीख खाली टाका. महिन्याभरात तयार झालेली ही वही दहांतलं एक पुस्तक म्हणून मोजा.

नोंद कुठं ठेवायची

वेगळी वाचनवही पंधरा दिवसांत हरवते. सयपाकघरातल्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशोब लिहिताच, त्याच चौकटीत दुधाच्या आकड्याखाली पानाचा आकडा लिहा: वर दीड लिटर, खाली ११२. कुठवर आलो ते कळतं, खूण शोधावी लागत नाही. घरात दोघं-तिघं वाचत असतील तर आकड्यापुढं नावाचं पहिलं अक्षर टाका. पुस्तक संपलं की त्या तारखेला गोल करा आणि महिन्याच्या मागच्या कोऱ्या जागेत दोन ओळी लिहा. एक ओळ काय आवडलं याची, दुसरी हे पुस्तक कोणाला द्यायचं याची. दिलेलं पुस्तक परत कधी येणार तेही त्या तारखेच्या चौकटीत नावासकट लिहून ठेवा. मागायला संकोच होतो, भिंतीवर लिहिलेलं असलं की होत नाही.

पाडवा ते पाडवा या वर्षात दोन दिनदर्शिका येतात. डिसेंबर संपल्यावर जुनी काढून त्याच खिळ्यावर नवीच्या मागं टांगा. फाल्गुनात सयपाकघर पुन्हा आंगणात निघेल तेव्हा तिची पानं उलटून पाहा. कोणत्या आठवड्यात दुधाचे आकडे आहेत पण पानांचे नाहीत, ते पाहून पुढच्या वर्षाची दहाची वाटणी सरकवा.